खोलीत माणसं किती

दुपारी १.४५ : ४३०

लाल शाईतली टीप लहानशी होती. "पान ८८. नोंदवहीत खोली रिकामी. आलेखात रोज दुपारी दोन ते पाच एक माणूस. कोण? डबी चुकली की नोंद? उद्या बांधणीला टाकायच्या आधी एका ओळीत लिही."

मार्गदर्शक मॅडम कधीच जास्त लिहीत नाहीत.

लेक जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. वास्तुकलेच्या पदव्युत्तर वर्गाचं शेवटचं वर्ष. प्रबंध असा, की पंखा-एसीवाचून घरं श्वास कसा घेतात. त्यासाठी तिनं सहा घरांत एकेक डबी लावली होती. खोलीत माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड डबी मोजते आणि आकडा इकडे पाठवते. खोली रिकामी असली की चारशेतीस. दार-खिडकी लावून एक माणूस बसलं की तासाभरात आठशे. दोघं असली की हजाराच्या वर.

सहावं घर हे. खोली बाबांची. "बाबा, सगळ्या घरांत शिस्तीचे तुम्हीच," ती म्हणाली होती. "हलताच येत नाही म्हटल्यावर शिस्त आपोआप लागते," बाबा म्हणाले होते.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. डबी काढायची राहून गेली होती.

सकाळीच तिनं ती गच्चीत नेऊन तपासली. डबी बरोबर होती. ती खोटी म्हणावी, तर सहाही एकाच खोक्यातल्या. एक गेली की सगळा प्रबंध गेला. नोंद खोटी म्हणावी, तर नोंदवही आईची. बाबांच्या दाराला सुतळीनं टांगलेली, आईच्या गोल अक्षरातली. कोण आत, किती वेळ. एक दिवस चुकवलेला नव्हता.

दुपारी २.०० : ४३०

"जरा पडते गं," आई पदराला हात पुसत म्हणाली.

रोज या वेळी लेक कॉलेजात असते. आज घरी होती. आईची खोली डावीकडे. आई उजवीकडे वळली. बाबांच्या खोलीचं दार लागलं, मग आतून कडी.

दुपारी २.२० : ५८०

लेक आकड्याकडे बघत राहिली. पाचशे ऐंशी. पाचशे नव्वद.

कोण, ते कळलं. ओळ लिहायला हरकत नव्हती. 'नोंद चुकली.' बोटं तिथेच थांबली. एक नोंद चुकीची म्हटली, की बाकीच्याही तपासाव्या लागतात.

तिनं आलेख मागे सरकवला. दोन महिने मागे. बाबा गेले त्या दुपारपर्यंत.

नोंदवहीतून उतरवून घेतलेलं:
१४ तारीख. २ ते ५. दोघं.

आलेखात:
२.०० ते ३.१५. आठशेऐंशी. सरळ रेघ. एक माणूस.
३.१५ पासून उतार.
४.००. सहाशे.
४.४०. चारशेऐंशी.
५.००. दार उघडलं.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आईनं सांगितलं होतं, शेवटपर्यंत ह्यांचा हात माझ्या हातात होता.

तिनं रेघ मोठी करून पाहिली. रेघेत दुसरं कुणी सापडलं नाही.

दुपारी २.३५ : ६७०

कडी निघाली. आई चष्मा घ्यायला बाहेर आली होती. तो घेऊन टेबलाशी थबकली. पडद्यावरच्या तारखेवर तिची नजर गेली.

"हे त्या दिवशीचं का?"

"हो."

"यात मी कुठे?"

लेकीनं लॅपटॉप मिटला नाही. रेघेवर बोटही ठेवलं नाही.

"आई, दार बंद होतं त्या दिवशी?"

"होतं."

"आणि तू?"

"तू बसलीयेस तिथेच. ह्याच खुर्चीत." आईनं चष्म्याची काच पदरानं पुसली. पुन्हा पुसली. "तुझ्या डबीला ऐकू येतं का गं?"

"नाही. श्वास कळतो फक्त. किती जणांचा, तेवढंच."

"म्हणजे हाक मारलेली कळत नाही."

"नाही."

"बरं आहे."

लेकीनं खुर्चीवरून दाराकडे पाहिलं. सहा पावलं. फार तर सात.

"मॅडमना काय लिहू?" तिनं विचारलं.

"नोंद चुकली म्हणून लिही. त्या बिचाऱ्या डबीवर कशाला आळ घेतेस."

"मग १४ तारखेची पण..."

"ती पण," आई म्हणाली.

सुतळीला बांधलेलं पेन घेऊन आई दाराशी उभी राहिली. पानं मागे उलटत गेली. 'दोघं'वर एक रेघ मारली. वर काहीतरी लिहिलं आणि आत गेली. या वेळी दार लावलं नाही. आत खिडकी उघडल्याचा आवाज आला. समोरासमोर दार-खिडकी उघडी असली की वारा खोली धुऊन काढतो, हे प्रबंधाच्या तिसऱ्याच पानावर होतं.

लेक उठून नोंदवहीपाशी गेली. वर आईनं लिहिलं होतं, 'एकटे'.

दुपारी २.५५ : ४३०

डबीच्या हिशेबानं खोली रिकामी झाली होती. आई पलंगाशी खुर्ची ओढून बसली होती, गादीवर हात ठेवून.