वाकळेतून पडलं ते

ते जमिनीवर पडलं आणि गुरगुरायला लागलं.

अंजना घडवंचीवरच्या वाकळा उन्हात टाकायला उचलत होती. तिच्या सासूला, राहीबाईला वाटलं, भुंगा शिरला. ती खराटा घेऊन धावली. पण भुंगा कुठला! पांढरं, वीतभर लांब, टोकाला रबर लावलेलं काहीतरी थरथरत फिरत होतं. शेजारी त्याची डबी, डबीत एक चिठ्ठी.

"बंद कर ते आधी!"

अंजनानं दोन बोटांनी उचलून त्याची शेपटी फिरवली. थांबलं.

"बरं ठावं हाय गं तुला, कुटं फिरवायचं ते! चिठ्ठी वाच."

अंजना या घरची सून. मॅट्रिक झालेली, माहेर सांगलीचं. तिनं मनातल्या मनात वाचलं आणि तिचे कान लाल झाले.

"मोट्यानं."

"'नाजूक जागी, हलक्या हातानं. दुखलं तर लगेच थांबायचं. डॉक्टर त्रिशला मगदूम, सांगली.'"

राहीबाईला आधी काही उमजेना. मग डबीवरच्या उघड्या बाईचं चित्र दिसलं आणि सगळं उमजलं. शी! शी शी शी!

"आत्या, माझं न्हाई हो ह्ये. आईशप्पत."

"मग काय माझं? ह्या म्हातारीचं?"

माजघरात झोपायच्या त्या दोघीच. सुभेदारांचं, म्हणजे राहीबाईच्या मालकांचं अंथरूण बाहेर सोप्यात. बांगलादेशची लढाई आटोपून ते घरी आलेले. आता त्यांच्या जागी थोरला मुलगा पलटणीत, दिवाळीपासून काश्मिरात. नवरा लांब, पोरगी शहरातली, आणि गेल्याच महिन्यात माहेरी जाऊन आलेली. यात कोडं कसलं?

म्हणे नाजूक जागी! राहीबाईनं नाही का सोसलं? धाकट्याच्या वेळी सुईणीनं पोर ओढून काढलं. आत सगळं फाटलं. पुढं मालकांचा हात लागला तरी कळ मस्तकात जायची. ती बोलली नाही. एक दिवस वाकळ उचलून माजघरात आणली, ती आणलीच. वीस वर्षं झाली. बाईच्या जातीनं झाकलेलं झाकूनच ठेवायचं असतं. आणि ही सटवी नवरा चार महिने लांब तर दम धरवेना!

सुभेदार कोयनानगरला दोस्ताच्या पोरीच्या लग्नाला गेले होते, उद्या येणार होते. देवमाणूस! त्यांच्या कानावर ही घाण जायच्या आत निकाल लावायचा. राहीबाईनं सुनेचं बोचकं बांधलं. डॉक्टरणीच्या तोंडून वदवायचं आणि तिथनंच पोरीला माहेरच्या उंबऱ्यात सोडून यायचं, कायमचं.

वस्तू तिनं शेणाच्या फडक्यात गुंडाळली. एसटीत पिशवी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली, आणि सांगलीपर्यंत पाय आखडून बसली. अंजना खिडकीकडं तोंड करून रडत होती.

"जोतिबाच्यान, आत्या, मला कायबी ठावं न्हाई."

"देवाचं नाव घेऊ नगंस त्या तोंडानं."

दवाखान्यात बायकांची रांग होती. राहीबाईनं कुणाला विचारलं नाही. सरळ आत घुसली आणि पिशवी टेबलावर पालथी केली.

"बायकांस्नी ह्ये इकता तुमी? लाज न्हाई वाटत?"

डॉक्टरीण पन्नाशीची, चष्म्यातून बघणारी. ती चिडली नाही. "विकत नाही बाई. माझा भाऊ बोटीवर आहे, तो जपानहून आणतो. दुखणं असलेल्या बायकांना मी देते." तिनं कपाटातून आणखी तीन काढून ओळीनं ठेवली. "हे कडक आहे. हे फार जोरात चालतं. हुळहुळ्या अंगाला दोन्ही नकोत. हे तिसरं त्यातल्या त्यात बरं. पण तुम्ही आणलंत ते सगळ्यांत मऊ. यानं अंग सैल पडतं, दुखायची भीती जाते, आणि मग सुखही..."

"बास! बास करा!" राहीबाईनं कानांवर हात ठेवले. "ह्या पोरीनं कवा न्हेलं, तेवढंच सांगा."

डॉक्टरणीनं अंजनाकडं नीट पाहिलं. "हिनं? हिला मी आजच बघतेय."

अंजनाला हुंदका फुटला.

"लबाड बोलू नगा! मग न्हेलं कुनी?"

 एकाचं दुसऱ्याला सांगायची डॉक्टरणीची रीत नव्हती. पण अंजनाच्या कडेवरचं बोचकं तिच्या नजरेला पडलं.

"पुरुषमाणूस आले होते. वयस्कर. पांढऱ्या मिशा, खाकी कोट. ताठ चालणारे."

राहीबाईनं ओळखलं. सुभेदार! सासरा! आणि सून! एका छपराखाली, तिच्या डोळ्यांदेखत! ज्याला आजवर देव मानला, त्याच्या ताटात ती जेवत होती. थू! ती तिथंच, डॉक्टरणीच्या फरशीवर थुंकली आणि अंजनाला मारायला तिनं हात उगारला.

डॉक्टरणीनं तो वरच्या वर धरला.

"थांबा! आधी ऐकून घ्या. ते तासभर बसले होते बाहेर, बायकांच्या रांगेत, खाली मान घालून. मग आत येऊन चारही लावून बघितली, स्वतःच्या पापणीवर. हे हातात घेतलं आणि म्हणाले, 'ह्येच द्या. धाकट्यापास्नं दुकतंय तिला, मला कळतंय. हातात द्यायला जमायचं न्हाई, तिच्या वाकळंत ठिवतो. दोन लढाया केल्या बगा, पन माझ्या राहीला तेवढं इचारायचं धाडस न्हाई झालं.'"