दहा वर्षांनंतरची भीती

“कॅन्सर?” शिंपीमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “अहो डॉक्टर, एक दुखणं निस्तरतोय तोवर हे दुसरं काय काढलंत?”

“मास्तर, बसा. झालाय असं म्हणतच नाहीये मी.” डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण सहनशक्ती आजीची. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेजारी बसलेल्या मास्तरांच्या बायकोच्या, काकूंच्या, रक्तवाहिन्यांना सूज आली होती. शरीराची राखण करणारी फौज शरीरावरच उलटली होती. ती आता शांत झाली आहे. पण तिला आवरायला जे जालीम औषध द्यावं लागलं, त्यानं पुढे मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा वाढतो. “आज-उद्या नाही. आठ-दहा वर्षांनी, कधी त्याच्याही नंतर. म्हणून लघवी नेमानं तपासत राहायची. लाल दिसली तर वाट न बघता यायचं. काकू, सिगारेट ओढता?”

“छे! मी फक्त यांचे कान ओढते.”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मास्तरांना काही हसू आलं नाही.

घरी जाताना ते रस्ताभर धुमसत होते. आजारानं काकूंचं डावं पाऊल बधिर झालेलं, म्हणून त्यांचं कोपर धरून, त्यांच्या चालीनं चालत धुमसत होते. “माणूस जरा सावरतंय तर लगेच घाबरवून टाकायचं!” लग्न झाल्यापासून बायकोनं त्यांना एवढं सलग कधी बोलूच दिलं नव्हतं.

वर्षभर दोघांनी एक प्रश्न टाळला होता. किती दिवस उरलेत? काकूंना दवाखान्यात नेलं तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होतं. तिथले सगळे आधी ‘आजची रात्र’ म्हणायचे, मग ‘हा आठवडा’. पुढचं विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही. काकूंनी आपल्या चांगल्या शाली बहिणीला देऊन टाकल्या. मास्तरांना कपडे धुवायचं मशीन चालवायला शिकवलं. मास्तरांनी काकूंच्या कोटासाठी निळं लोकरी कापड आणलं, तर म्हणाल्या, “नवा कोट कुणासाठी? शिवाल आणि खुंटीला टांगून बघत बसाल.” मास्तर त्या दिवशी इस्त्रीची वाफ डोळ्यांत गेली म्हणून बराच वेळ डोळे पुसत होते. इस्त्री थंड होती.

आज घरी पोचल्यावर मास्तरांनी घरापुढचं दुकान उघडलं, दिवा लावला. काकू काज-बटणाच्या आपल्या स्टुलावर बसल्या नाहीत. त्यांनी फळीवरचं निळं कापड स्वतःच खाली काढलं, आरशासमोर गेल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

“घ्या माप.”

धक्क्यानं हिचं डोकं फिरलं की काय, असं मास्तरांना वाटलं. “अगं, कॅन्सर म्हणाल्या त्या!”

“ऐकलं मी. कधी म्हणाल्या, ते तुम्ही ऐकलंत का?” काकूंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. “अहो, वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबद्दल एवढं लांबचं बोललं. जिचं उद्याचं खरं नाही, तिला दहा वर्षांनंतरची भीती कोण घालील?”

मास्तरांनी टेबलावरची टेप उचलली. छातीचं माप दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा टेप काकूंच्या पाठीमागून घेतली आणि थोडा वेळ ते तसेच, त्यांना कवेत घेऊन उभे राहिले. काकूंनी त्यांना राहू दिलं.

“अंगाबरोबरच बेतू का?” त्यांनी विचारलं.

“काही नको,” काकू म्हणाल्या. “शिवणीत पुढे उसवून वाढवायला भरपूर माया ठेवा. दहा वर्षं पुरली पाहिजे.”