दोन, दोन, दोन

सकाळी सहा वाजता: दोन.

उशीच्या अभ्र्याचा एक कोपरा, चावून चोथा झालेला.

हिरवा टॅग म्हणजे माल पास. लाल म्हणजे बाजूला काढा.

सकाळी दहा वाजता: दोन.

माणसाचा चेहरा: खालचा ओठ आत, भुवया कपाळात, डोळे हसायच्या खटपटीत.

दुपारी दोन वाजता: दोन.

तक्ता ज्योतीरामनं स्वतः आखला होता, कंपनीत आखतात तसाच. वेळ, आकडा, औषध, सही. चाकणच्या कारखान्यात तो अकरा वर्षं क्वालिटीला होता. दर तासाला पार्ट मोजायचा आणि लिहायचा. आकुर्डीच्या खोलीत त्याला एकच गोष्ट मोजायची होती. त्याच्या पोरीच्या, दिव्याच्या, मांडीच्या हाडात गाठ होती. "गाठीवर आता काही इलाज उरला नाही, दुखण्यावर आहे," असं मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं. तेव्हापासून दुखण्याचं औषध घरातच, आणि दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, मोनिका सिस्टरांची फेरी. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पोरीनं आकडा सांगायचा, बापानं लिहायचा, त्यावर औषध ठरायचं. शिफ्टला असला तर तो व्हिडिओ कॉल लावून विचारायचा. एकही वेळ चुकवली नव्हती.

सिस्टर रावेतच्या, जुन्या गावातल्या. या गुरुवारी चप्पल काढता काढताच त्यांनी पलंगाकडे बघितलं. पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून दिव्या पडली होती. मग त्यांनी तक्ता हातात घेतला.

"आठवडाभर दोनच?"

"कमी हाय की, सिस्टर. औषध वाढवायचं कामच पडलं नाही."

सिस्टरांनी उशीचा कोपरा वर धरला. "आणि ह्ये काय, उंदरानं खाल्लं व्हय?"

ओट्याशी दिव्याच्या आईच्या, विजयश्रीच्या, हातातली पळी थांबली.

"मला एक सांगा. तुमच्या कंपनीत एखाद्यानं आठवडाभर एकच रीडिंग लिहून आणलं, तर तुम्ही काय करता?"

उत्तर ज्योतीरामच्या तोंडावर होतं. मागच्याच महिन्यात त्यानं एका ऑपरेटरला चारचौघांत झापलं होतं. सगळी रीडिंग सारखी आली म्हणजे माल चांगला नसतो, राव, मोजलेलंच नसतं. त्यानं तक्त्याकडे बघितलं. दिवसाला पाच, आठवड्याचे पस्तीस रकाने. पस्तीस दोन. सगळे त्याच्या सुबक अक्षरात.

"दिव्या," सिस्टर म्हणाल्या, "पप्पांना बाहेर घालवते. मग सांगशील खरं?"

"बाहेर नको." आवाज भिंतीकडूनच आला. "फक्त तोंड फिरवायला सांगा."

ज्योतीराम दाराकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत मास्तरांनी उभं करायचं, तसा.

"हं. आता किती?"

"नऊ."

दाराच्या कडीला तेल द्यायला हवं होतं. तो कडीकडे बघत राहिला.

"कधीपासून गं?"

"मागच्या गुरुवारी, तुम्ही गेल्यावर मी आठ म्हटलं होतं. तर पप्पांचं तोंड असं झालं."

असं म्हणजे कसं, ते त्याला दिसलं नाही. पण विजयश्री फसकन हसली. किती दिवसांनी हसली होती.

"मग मी म्हटलं, गंमत केली, दोन लिहा. तीनलापण थोडं बिघडतं त्यांचं. दोनला बरं राहतं."

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. आकडे सांगितले, या वेळी खरे. मात्रा वाढली, एक डोस आत्ताच द्यायचा ठरलं. बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज आला.

"सिस्टर," ज्योतीराम दाराशीच बोलला, "एवढ्यानं लेकराला काही होणार नाही ना? झोपेतच, म्हणजे..."

"न्हाई. खरा आकडा मिळाला की मोजून देता येतं. तुम्हाला मी काय शिकवू?"

चहा झाला. सिस्टरांनी दोन कप घेतले, साखर कमी म्हणून विजयश्रीला टोमणाही मारला. पाऊण तास गेला. ज्योतीराम उंबऱ्यावर बसला, पाठ आत करूनच. वळ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपलं तोंड आत्ता कसं असेल याचा त्याला भरवसा नव्हता.

"पप्पा, वळा की आता. तीन झालंय."

तो वळला. दिव्या उताणी पडली होती. दोन्ही पाय सरळ, टाचा पलंगाच्या कडेबाहेर. पोर एवढी उंच कधी झाली, ते पाय पोटाशी असताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बघा, सिस्टर, परत तसंच तोंड," ती म्हणाली. "लाल टॅग लावा त्याला."

"लाव माय, तूच लाव," तो म्हणाला, आणि पेन तिच्या हातात दिलं. "लिहायचं पण तूच. मी नुसती सही करतो."

तिनं तीनचा आकडा लिहिला, वाकडातिकडा, रकान्याबाहेर गेलेला. पेन हातातच राहिलं आणि तिला झोप लागली. उशीचा कोपरा गालाखाली कोरडा होता.

तक्त्याचं शेवटचं पान नऊ फेब्रुवारीचं आहे. सकाळी दहाच्या रकान्यात शून्य आहे, पुढचे रकाने कोरे. अक्षर दिव्याचं, सही ज्योतीरामची.