आधी धूर, मग लेप

“आत किडा असताना वरनं दार लावून घ्यायचं व्हय गं रत्ने?” तानीबाईनं चारचौघींत विचारलं, आणि डॉक्टर रत्नमालाच्या शिबिराचे तिथंच बारा वाजले. बरं, विचारणारी कुणी परकी असती तर गोष्ट वेगळी. ती तिची सख्खी आई होती.

निपाणीतल्या विडी कामगारांच्या वस्तीतलं समाजमंदिर. मधोमध बेळगावच्या दातांच्या कॉलेजातून आणलेली घडीची खुर्ची. सकाळपासून त्या खुर्चीत एक माशी तेवढी बसून गेली होती. काम म्हणाल तर अगदी साधं. पोरांच्या नव्या दाढा पुसून कोरड्या करायच्या, त्यांच्या खाचांत पातळ लेप भरायचा, तो घट्ट झाला की खाचेत घास अडकत नाही आणि दाढ किडत नाही. सुई नाही, दुखणं नाही. पण साधी गोष्ट गळी उतरवायची म्हणजे नाकीनऊ येतात.

“माझ्या पोराची दाढ दुखत न्हाय,” एक बाई म्हणाली.

“दुखत नाही तोवरच लावायचा असतो, मावशी.”

“मग दुखंल तवा येतो की.”

आणि ज्यांच्या पोरांच्या दाढा अधूनमधून ठणकत होत्या, त्यांची धास्ती वेगळीच. दाढेत किडा असतो, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो आत कोंडला तर वर मेंदूत चढणार, दुसरीकडं जाणार कुठं? “कणगीत किडं असताना कोण लिंपतंय का?” असं तानीबाईनं पुन्हा विचारलं, आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आईनं बाजी मारली होती.

दाढेतला किडा काढावा तर वस्तीतल्या सोनुबाईनं. तापलेल्या पळीत ती रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया टाकायची, वर नरसाळं धरायची आणि धूर दुखऱ्या दाढेवर सोडायची. बिया तडतडायच्या, पोर खोकायचं, लाळ गाळायचं आणि खाली धरलेल्या पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे तरंगायला लागायचे. सोनुबाईच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता, पण त्याबद्दल तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

लहानपणी रत्नमालानंही तिचा धूर घेतला होता. वाटीतले किडे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दाढ मात्र पुढं गेलीच. अजूनही घास त्या बाजूला गेला की तिला सोनुबाईची आठवण यायची, आणि ती काही फार मायेनं यायची नाही.

पण आज रागावून चालणार नव्हतं. कॉलेजच्या सरांच्या मागं लागून लागून तिनं कॉलेजची ही शिबिराची गाडी आपल्या वस्तीत आणवली होती. पोरं बसली नाहीत तर गाडी निपाणीत पुन्हा येणार नाही, हे सरांनी निघतानाच बजावलं होतं. माझ्याच गल्लीतल्या पोरांच्या दाढा माझ्यासारख्या जायच्या, हे तिला नको होतं. तिनं सगळं शिक्षण मुकाट गिळलं.

“बोलवा सोनुमावशीला,” ती म्हणाली. “आधी धूर, मग चूळ, मग लेप. चालेल?”

न चालायला काय झालं? बायका पोरं आणायला धावल्या.

सोनुबाई आली ती लग्नातल्या मानकरणीसारखी. पायरीवर शेगडी मांडली, बियांची पुरचुंडी सोडली आणि कामाला लागली. बाहेर किडे पडत होते, आत लेप बसत होता. वाटीत हे एवढे किडे टाकून आलेल्या पोराच्या तोंडात रत्नमाला आरसा घालून बघायची, तर दाढेवर साधा डागसुद्धा नसायचा. ती लेप लावून पुढचं पोर घ्यायची. ज्याची दाढ खरंच किडलेली दिसे, त्याच्या आईला तेवढं हळूच कॉलेजात यायला सांगायची.

मधूनमधून सोनुबाई पायरीवरून आत डोकावत होती.

“हे टिकतंय व्हय गं?”

“नीट बसलं तर बरीच वर्षं.”

“हं,” म्हणून ती पुन्हा पळीकडं वळायची.

ऊन कललं तेव्हा वस्तीतली शाळकरी पोरं जवळजवळ संपली होती. सरांना सांगायला तोंड राहिलं म्हणून रत्नमाला खूश होती. बायका मात्र घरी जाताना एकमेकींना सांगत होत्या, काय हात हाय सोनुबाईचा. तानीबाईही त्यांच्यातच होती. लेपाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. रत्नमालाला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

ती खुर्ची मिटायला लागली, तोच सोनुबाई परत आली. या खेपेला शेगडी नव्हती. हाताला धरलेली नात होती, छबू. सोनुबाईनं आधी दाराबाहेर डावीउजवीकडं बघून घेतलं.

“रत्ने, हिच्याबी दाढा बंद कर.”

रत्नमालाला आता संधी मिळाली होती. ती का सोडेल?

“करते की. पण आधी धूर, मावशी. आज सगळ्यांना तोच नियम.”

सोनुबाईनं छबूला उचलून खुर्चीत बसवलं. तिची हनुवटी धरून तोंड उघडलं.

“हिला धूर नको.”

“आणि आत किडा असला तर?”

“कुठनं असंल?” सोनुबाई आवाज खाली घेऊन म्हणाली. “बियांची पुरचुंडी मी घरी ठिवून आलोय.”