टायरमधली हवा

बागवाल्याच्या द्राक्षांचा एकही मणी वाटेत फुटला नाही, तर हैबतीला चढं भाडं मिळणार होतं. म्हणून निघतानाच त्याने पिकअपच्या टायरमधली हवा थोडी सोडली होती, आणि गाडी पाळण्यासारखी डुलत होती. पण मऊ टायरांवर गाडी डिझेल जास्त पिते, आणि सरकारी पंपाने सकाळी डिझेल मोजून दिलं होतं ते भरल्या टायरांच्या हिशेबाने. त्यावर एक थेंब जास्त कुणालाच मिळत नसे, रुग्णवाहिकेलासुद्धा नाही.

वाटेत, पहिल्या बाळंतपणाला माहेरी सोडायची म्हणून सोबत घेतलेल्या बायकोला, मंदाला, कळा सुरू झाल्या.

"दवाखाना नऊ किलोमीटर. डिझेल सात किलोमीटरचं," डॅशबोर्डवरच्या स्पीकरमधून गाडी गोड आवाजात म्हणाली.

हैबतीने द्राक्षांचे क्रेट रस्त्यावर लोटले. मग स्टेपनी, जॅक, हवेचा पंप, हाताला लागेल ते फेकलं आणि गाडी पुढे दामटली.

बऱ्याच अंतराने गाडीने नवा हिशेब सांगितला, "अजून एक किलोमीटर कमी पडतोय. टायरमध्ये हवा भरा, म्हणजे पोचाल."

"अहो, मग भरा की! पंप कुठंय?" मंदा कण्हत म्हणाली.

"मागं टाकला. वजन कमी व्हावं म्हणून."

"द्राक्षांना मात्र किती जपलंत हो!"

लांबवर दवाखान्याचं फाटक दिसू लागलं आणि डिझेल संपून गाडी थांबली. हवा सोडली हैबतीने, द्राक्षं गेली बागवाल्याची, आणि उरलेला किलोमीटर पोट धरून चालली ती मंदा.