पडण्याचे पुनर्चित्रण

दूरचित्रवाणीवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत शिंपीणबाई फिरत्या ओंडक्यावरून चिखलाच्या हौदात कोसळल्या. त्यात सकाळपासूनच्या स्पर्धकांची थुंकी, एकाची ओकारीही मुरली होती. बाहेर येईपर्यंत उजवे मनगट सुजले. “ताई, पडणं अप्रतिम! पण कॅमेरा चुकला,” दिग्दर्शक म्हणाला. “पुन्हा पडाल?” “हात मोडला तर कात्री कशाने धरू?” बाईंनी विचारले. प्रेक्षकांतून नवरा ओरडला, “अगं, पड की! एवढी माणसं खोळंबलीत. घरी तर फुकटात धडपडतेस!” प्रेक्षकांना सूचना देणाऱ्या फलकावर ‘हसा’ हा शब्द पेटला आणि सुसंस्कृत प्रेक्षकवर्ग आज्ञाधारकपणे खिदळला. बाईंनी तोंडातला चिखल थुंकला, मनगट पोटाशी धरले आणि त्या ओंडक्यावर चढल्या. या वेळी न पडता पलीकडे उतरून त्या फाटकाबाहेर गेल्या. फलकाने टाळ्यांचा हुकूम सोडला नाही. “हे कापा. आता कोण पडेल?” दिग्दर्शकाने विचारले. नवऱ्याने लगबगीने हात वर केला.