साबणाच्या डबीतलं सर्किट
साबणाच्या डबीत बसवलेलं माझं पहिलं सर्किट तपासून घ्यायला मी सासऱ्यांना अवसरीतल्या सामाईक विहिरीवर नेलं. करंट असला, की ते लांबूनच वाजायचं. स्टार्टरच्या लोखंडी पेटीजवळ नेताच डबी किरकिरली. तीस वर्षं मोटारी दुरुस्त करणारे सासरे हसले. "आपल्या मोटारीचे तिन्ही फ्यूज माझ्या खिशात हायेत, पोरी. डिझाईनच चुकलंय तुझं. वाऱ्यालाबी वाजतंय हे." मलाही तसंच वाटलं. त्यांचा ओला हात पेटीकडे गेला. डबी थांबेना. सासऱ्यांचं मनगट मी पहिल्यांदाच धरलं. "मामा, नका!" चिडून त्यांनी दुसऱ्या हाताने पेटीला टेस्टर टेकवला. तो लाल पेटला. पेटीमागे चुलतसासऱ्यांच्या चालू मोटारीची सोललेली वायर चिकटली होती. त्यांनी ओला हात मागे घेतला. "एकच चूक हाय," ते म्हणाले. "आवाज वाढव. म्हाताऱ्याला ऐकू आला पायजे."